फळ्यावरचं वजन

शाळेच्या दारातल्या फळ्यावर सुविचार लिहितात. आमच्या शाळेच्या फळ्यावर वर्षभर मुख्याध्यापकाचं वजन लिहिलेलं असायचं. वर वार, त्याखाली 'मुख्याध्यापकांचे आजचे वजन', त्याखाली आकडा आणि आकड्यापुढं पूर्णविराम. तपासणीला आलेले साहेब एकदा त्या फळ्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि चहा न घेताच परत गेले.

गाव देवणीच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, गावाला उगीच कशाला बोल लावा. तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, तालुका उदगीर, आणि दुष्काळ बहात्तरचा. शाळेत शिक्षक दोनच, मुख्याध्यापक मन्मथअप्पा गुरुजी आणि मी. माझे मालक नांदेडला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. थोरला मुलगा तीन वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मी इतकी वाळकी होते की प्रार्थनेला गुरुजींच्या शेजारी उभी राहिले की पोरं खुसखुसायची. 'दहाचा आकडा आला' म्हणायची. एक मी, शून्य गुरुजी.

गुरुजी जाड होते एवढं सांगून भागत नाही. ऑफिसच्या दारातून ते तिरके होऊन आत यायचे. शाळेची खुर्ची त्यांच्याच खाली मोडली, तेव्हापासून घरनं आणलेल्या लाकडी स्टुलावर बसायचे. आवाज मात्र बारीक. पोरांवर कधी हात उगारला नाही. राग आला की डोक्यावरची टोपी काढायची, झटकायची, परत घालायची, संपलं. शाळेत मुंग्या फार. त्या मारू द्यायचे नाहीत. रांग लागली की गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे आणि तिच्यामागं शेवटपर्यंत जायचे. म्हणायचे, "मुंगी कुठं चाललीय तेवढं बघावं बाई. कुणी कुठं काय ठेवलंय ते समदं कळतं."

आणि खाणं. लिंगायतांतली जुन्या वळणाची माणसं ताटात काही टाकत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. गुरुजींचं ताट बघून आत्ताच फडताळातनं काढलंय असं वाटायचं. गावातल्या बायकांना हे ठाऊक, त्यामुळं त्यांच्या ताटात वाढायची चढाओढ लागायची. एकदा वाढलं की परत जाणार नाही ही खात्री. गव्हाची गुळातली खीर, तिकडं तिला हुग्गी म्हणतात, ती गुरुजी एका बैठकीला पातेलंभर खायचे. नको असेल तर वाढपी पुढं यायच्या आतच दोन्ही पंजे ताटावर पसरायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, "ताटात पडलं की ते आपलं झालं, बाई. मग गोड का कडू ते इचारायचं न्हाई. काय नको म्हणायचंय ते पडायच्या आधी."

दुष्काळात सरकारनं शाळांतून सुकडी सुरू केली. भाजलेलं पीठ, गूळ, तेल, असा कोरडा खाऊ. पोती यायची, आणि दुपारी पोरं रांगेनं उभी राहायची. गुरुजी स्वतः वाटीनं मोजून वाढायचे. पोरागणिक एक वाटी. बऱ्याच पोरांच्या पोटात दिवसभरात तेवढंच जायचं. आईबाप खडी फोडायच्या कामावर, घरात रेशनवरची मिलो नावाची लाल ज्वारी, तीही असली तर.

सुकडी पुरेना. रोज रांगेतली शेवटची तीन-चार पोरं यायची तेव्हा पोत्याच्या तळाचा चुरा तेवढा उरलेला असायचा. गुरुजी हिशोब परत परत बघायचे. पोरं तेवढीच, वाटी तीच.

रांगेत सगळ्यांत शेवटी बालाजी नावाचं एक पोरगं असायचं. बारकं होतं, बाकीची ढकलून पुढं जायची. त्याला आई नव्हती, गोदाक्का नावाची आजी होती. चौथ्या का पाचव्या दिवशी ती त्याच्याबरोबर रांगेत येऊन उभी राहिली. पाळी आली तेव्हा गुरुजी पोतं उलटं करून झटकत होते. गोदाक्का शांतपणे म्हणाली, "पोत्यात काय बघलालाव गुरुजी. सुकडी तिथं न्हाई. तुमच्या पोटात हाय."

कुणी हसलं नाही. ते लोक बैलाची पाठ बघून मालकाच्या घरची वैरण सांगणारे. देवणी बैलांचा मुलूख तो, अंगावरचं मांस बघणं हेच त्यांचं शिक्षण. सगळं गाव हाडं होऊन बसलेलं, आणि सुकडीच्या पोत्याशेजारी एकशे चार किलोचा माणूस. आणखी पुरावा काय पाहिजे होता? गुरुजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. स्वतःच्या डब्यातली भाकरी बालाजीला दिली. ती त्यानं घेतली, पण आजी वळून चालायला लागली होती.

एकशे चार हा आकडा मला माहीत आहे, कारण फळ्यावरचा पहिला आकडा तोच. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आडतीच्या दुकानापुढं तिवईला टांगलेला मोठा काटा असायचा, पोती तोलायचा. त्या साली तोलायला काही नव्हतं. तोलणारा मैनुद्दीन काट्याखाली बसून विडी ओढायचा. गुरुजी गेले आणि तागडीत मांडी घालून बसले.

"गुरुजी, साखळी जुनी हाय," मैनुद्दीन म्हणाला. "तुटली तर मालक मलाच बसवंल हितं."

"तोल," गुरुजी म्हणाले.

लोक जमले. कुणी म्हणालं, गुरुजींची तुला करायलेत, दुसऱ्या बाजूला गूळ टाका. मैनुद्दीननं टोपी काढायला लावली, चपला काढायला लावल्या. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं बोट केलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. ते जन्मापासनं माझ्या वजनातच हाय." मग तसेच शाळेत आले आणि फळा पुसून त्यांनी आकडा लिहिला.

मला म्हणाले, "बाई, सुकडी खाणाऱ्याचं वजन उतरल का? न्हाई उतरणार. मग माझं उतरलं म्हंजे म्या खात न्हाई. सोपं गणित हाय, पोरं बी करतील."

वजन उतरवणं काय असतं ते मी त्या माणसाचं बघितलं. दुष्काळात सगळेच उतरत होते, पण ते आपोआप. समोर असताना न खाणं निराळं. गुरुजींच्या घरी थोडंफार होतं, उदगीरची बहीण धाडायची. सहा भाकरींच्या दोनवर आले. पहिला आठवडाभर डोकं दुखायचं, हातातला खडू गळून पडायचा. आजकाल लोक पाणी पिऊन पोट भरा म्हणतात. तेव्हा पाणी कुठं होतं? तांब्याभर पाण्याला अर्धा कोस. भूक लागली की गुरुजी पोटाला उपरणं आवळून बांधायचे आणि पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा आला की समजायचं, आज फार झालंय.

त्यांच्या मंडळी नीलाक्का मला सांगायच्या, "लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून नुसता वास घेत बसत्यात. म्या बघिटलं की झाकण लावत्यात. चोरी केल्यावानी." असं सांगून त्या हसायच्या.

एकदा बहिणीकडं उदगीरला गेले आणि घसरले. पुढच्या बाजारी अडीच किलो जास्त भरले. मला वाटलं, या वेळी फळा कोरा ठेवतील. त्यांनी लिहिलं: 'मुख्याध्यापकांचे आजचे वजन ९८ किलो ५०० ग्रॅम. वाढ अडीच किलो. कारण: उदगीर, बहिणीकडे शेंगापोळ्या, नग आठ.' दुसरी-तिसरीची पोरं ते एका सुरात वाचत होती. 'नग आठ' वर जोर देऊन.

आता सांगते. सुकडी मी घेत होते.

सकाळी शाळा उघडायचं काम माझं. प्रार्थनेच्या आधी पोत्यांची खोली झाडताना दोन वाट्या, कधी तीन-चार, पदराला गाठ मारून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत घरी जाऊन लेकरांच्या तोंडात घालायची. पगार होता, पण बाजारात दाणा नव्हता. हे सांगून मी सुटत नाही, मला ठाऊक आहे. माझ्यावर कुणाचा संशय गेला नाही कारण मी वाळकी होते. खाल्लं असतं तर दिसलं असतं, असा त्यांचा हिशोब.

गुरुजी तागडीत बसले त्या दिवशी मी तिथंच होते. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी परत पदराला गाठ मारली. काही वाटलं नाही म्हटलं तर खोटं वाटेल, पण त्या वर्षी आम्हाला कुणालाच फार काही वाटायचं नाही. ढोरं मरायची, माणसं बघत पुढं जायची. उतरत्या आकड्याखालून रोज आत शिरायचं आणि सुकडी काढून न्यायची, हे मी पाच आठवडे केलं. फळ्यावर साडेअठ्ठ्याण्णव आलं, पोरांनी 'नग आठ' म्हटलं, त्या दिवशी खोली झाडताना माझा हात पोत्याकडं गेला नाही. का ते मला अजून सांगता येत नाही. मग मी घ्यायची बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून सुकडी पुरायला लागली. बालाजीपर्यंत काठोकाठ वाटी. आणि नेमके त्याच महिन्यात गुरुजी झपाट्यानं उतरले. नव्वद झाले, शहाऐंशी झाले. गालाची कातडी लोंबायला लागली.

गावानं ते गणित केलं. मास्तरचं पोट उतरलं आणि सुकडी पुरली. म्हणजे मास्तर खात होता, बोलल्यावर त्यानं खायचं सोडलं. पोरंसुद्धा करतील असं सोपं गणित. गुरुजींनी स्वतः दर आठवड्याला फळ्यावर मांडून दिलेलं.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. उलट लोक फार चांगलं वागायला लागले. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "गुरुजी, माणसाच्या हातनं व्हतंय. सुधारलाव, हे लई झालं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. गुरुजींचा हात टोपीकडं गेला, पण टोपी काढली नाही. हात तसाच खाली आला.

मी त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ज्वारी आली, हुरडा आला, लग्नं निघाली, माणसांच्या अंगावर मांस चढलं. गुरुजींच्या नाही. त्यांना चढू देता येत नव्हतं. वाढले की लोक म्हणणार, परत सुरू झालं. सुकडी तोवर बंदही झाली होती, पण रॉकेल होतं, पोरांची पुस्तकं होती, खायला काहीही पुरतं. फळ्यावर लिहायचं त्यांनी थांबवलं, काट्यावर बसायचं मात्र थांबवलं नाही. दर बाजारी मैनुद्दीन न बोलता वजनं टाकायचा. अठ्ठ्याहत्तर. एखाद्या लग्नानंतर एकोणऐंशी भरलं की आठवडाभर एकच भाकरी. उतरवायला सहा महिने लागले होते. ते तसंच ठेवण्यात बाकीचं आयुष्य चाललं. उतरवताना निदान लोक बघतात, आकडा हलतो. नंतर काही हलत नाही आणि भूक तेवढीच राहते.

पंगतीत बसायचे ते पहिल्यापासूनच पंजे पसरून. एका बाईनं थट्टेनं त्या पंजांवरच पुरणपोळी ठेवली. गुरुजींनी ती शेजारच्या पोराच्या ताटात सरकवली आणि हाताला लागलेलं तूप बोटाबोटानं चाटलं. लोक हसले, तेही हसले. नीलाक्का मला म्हणाल्या, "लग्न झालं तवा वाटलं, हत्तीसंगं संसार करायचा. आता वाटतंय, हत्ती बरा होता."

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणून नव्या कचेऱ्या, माणसं पाहिजेत. गुरुजी शिक्षण खात्यात साहेब होऊन लातूरला आले. माझीही बदली तिथल्या शाळेत झाली. ज्या दिवशी जिल्हा झाला त्या दिवशी आम्ही अजून गावातच होतो, गावभर पेढे. गुरुजींनी पेढ्याचा कण जिभेवर ठेवला आणि उरलेला माझ्या पोरीच्या हातात दिला. ती तोवर अकरा-बारा वर्षांची झाली होती, चांगली गुबगुबीत. तिच्याकडं बघून गुरुजी म्हणाले, "अंग धरलंय पोरीनं. बरं झालं."

लातुरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी म्हटलं, "गुरुजी, इथं कोण बघतंय तुमच्याकडं? खा की चार घास." म्हणाले, "आता सवय झालीय." आडत बाजारात चपट्या लोखंडी पाटाचा नवा काटा आला होता, त्यावर दर गुरुवारी उभे राहायचे आणि खिशातल्या वहीत आकडा टिपायचे.

ते रिटायर झाले तेव्हा जुन्या गावानं सत्कार ठेवला. मलाही बोलावणं होतं. उदगीरवरनं जीपमध्ये आम्ही दोघं मागच्या बाकावर शेजारी होतो. माझं अंग सुटलं होतं, आता त्यांच्या शेजारी मी जाड दिसत होते. देवणीच्या फाट्याला जीप वळली आणि मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. बारा वर्षं लांबवलेली गोष्ट दोन वाक्यांत संपली.

गुरुजी बाहेर बघत होते. म्हणाले, "तुमच्या पदराला मुंग्या लागायच्या, बाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रोज सकाळी. पहिल्या दिवसापासून.

"मग बोलला का नाहीत?"

"लेकरं बारकी होती तुमची. आणि माझ्या अंगावर उतरवायला व्हतं. तुमच्या अंगावर काय व्हतं?"

"लोक तुम्हाला चोर समजले, गुरुजी."

"ताटात पडलं," ते म्हणाले.

सत्कार शाळेच्याच आवारात होता. फळा अजून तिथंच, त्यावर रंगीत खडूनं गुरुजींचं नाव. बालाजीनं हार घातला, तो गुरुजींपेक्षा वीतभर उंच झाला होता. मग भाषणं. भाषणं संपत आली तेव्हा बायकांच्या बाजूनं गोदाक्का उठली. फार म्हातारी झाली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी बसही म्हणालं नाही.

"त्या वक्ताला म्या गुरुजीला बोलले," ती म्हणाली. "बोलले ते खरंच व्हतं. पर खाल्लेलं समद्या गावाम्होरं उतरवून दाखवलं यांनी. तराजूत बसून. असा माणूस म्या दुसरा बघिटला न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलणार होते. तोंड उघडलं आणि व्यासपीठाकडं नजर गेली. गुरुजी माझ्याकडं बघत होते. त्यांच्यापुढं ताट नव्हतं, नुसतं टेबल होतं, चादर अंथरलेलं. त्यावर त्यांनी दोन्ही पंजे पसरले होते.

गोदाक्कानं मागं वळून विचारलं, "बाई, तुमाला बी बोलायचंय काय?"

मी म्हटलं नाही, आणि खाली बसले. मला रडू आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

पंगत शाळेच्या वऱ्हांड्यात पडली. हुग्गी होती. मी वाढायला घेतली, काहीतरी हातात पाहिजे होतं म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी वारले, उदगीरला, बहिणीच्या घरी. मी त्यांना पाहिलं ते त्या पंगतीतच शेवटचं. ताटावर पंजे पसरून बसलेले. माझ्या आधी तिघी वाढून पुढं गेल्या होत्या, त्यांनी हात हलवले नव्हते. मी पातेलं घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. डाव भरलेला होता.

त्यांनी वर बघितलं आणि हात काढून घेतले.

मी वाढलं. अजून वाढलं. ते नको म्हणाले नाहीत. सावकाश सगळं खाल्लं, शेवटी तांब्या उचलला, ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.